गिऱ्हाईक दारातूनच परतते तेव्हा

चिमूरहून नागपूर गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास होतो. चंद्रपूरही वरोरा-भद्रावतीवरून जवळजवळ तेवढेच दूर पडते. दुचाकी, मोटारपंप, फवारणीची यंत्रे यांचे व्यवहार तालुक्याच्या गावी उरकतात. परंतु चारचाकी घ्यावयाची म्हटले की भिसी, नेरी, शंकरपूरकडचा माणूस सहसा या दोन शहरांपैकी एकाची वाट धरतो. असा प्रवास एकट्याने होत नाही. बरोबर मुलगा असतो, एखादा जावई किंवा मेहुणा असतो आणि गाडीतले ज्याला कळते असा गावातील एक ड्रायव्हरही असतो. सोयाबीन आणि कापूस विकून झालेले असतात, बँकेत कर्जाची बोलणी झालेली असतात. घरात चार-सहा महिने त्याच एका विषयाची चर्चा चाललेली असते. त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, पण त्याची खंत कोणी करीत नाही. घरात पहिले वाहन येणार, हा आनंदच मोठा असतो.

शोरूमच्या काचेच्या दारापाशी मात्र या मंडळींचे पाऊल क्षणभर अडखळते. आतली फरशी इतकी लखलखीत असते की चपला बाहेर काढाव्यात की नाही, हा प्रश्न वडीलधाऱ्या माणसाला खरोखरच पडतो. कित्येक जण त्या काढतातही. आतून कोणी तरी एक नजर टाकतो. ती नजर पायांपासून वर चढत जाते: पायजमा, सदरा, खांद्यावरचा दुपट्टा. तिचा हिशेब चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच पूर्ण झालेला असतो. "हां काका, बोलो." काका म्हणतात, "गाडी पाहाले आलो." त्यावर गाडी दाखविण्याआधी दोन प्रश्न येतात: बजेट किती, आणि कधी घेणार? मग एक छापील पत्रक हाती येते. टेस्ट ड्राइव्हची गाडी बाहेर गेलेली असते, किंवा तिच्यात डिझेल नसते, किंवा ती चालविणारा जेवायला गेलेला असतो. तेवढ्यात दारात दुसरी मोटार थांबते, तिच्यातून शहरी वेषातले दांपत्य उतरते, आणि मघापासून जागा न सोडलेले दोघे जण एकाच वेळी उठतात. खुर्च्या सरकतात, पाणी येते, कॉफी विचारली जाते.

यात कोणी कोणाला अपशब्द बोललेले नाही. कोणी हाकलून दिलेले नाही. चार माणसे आली, त्यांना पत्रक मिळाले, ती गेली. संध्याकाळी घरी पोचल्यावर बायको विचारते तेव्हा काका सांगतात, "गाडी काही पसंत नाही पडली." खरे कारण ते घरातही सांगत नाहीत. बरोबर गेलेला मुलगा खाली मान घालून बसतो. त्याला ते कारण वडिलांपेक्षा अधिक लागलेले असते.

अशा प्रसंगांची वृत्तपत्रांत बातमी होत नाही. ज्या एका प्रसंगाची देशभर बातमी झाली तो घडला कर्नाटकातील तुमकूर येथे, जानेवारी २०२२ मध्ये. सुपारीची बाग असलेला एक शेतकरी मित्रांसह महिंद्र कंपनीच्या शोरूममध्ये बोलेरो पिक-अप घेण्यासाठी गेला. किंमत दहा लाखांच्या घरात होती. तेथील विक्रेत्याने त्याच्या वेषाकडे पाहून, खिशात दहा रुपये तरी असतील का, अशा अर्थाचे वाक्य ऐकविले. शेतकरी निमूट बाहेर पडला, तासाभरात रोख दहा लाख रुपये घेऊन परत आला, आणि गाडी आजच्या आज द्या म्हणाला. सुटीचे दिवस पुढे होते, गाडी तत्काळ देणे शोरूमला शक्य नव्हते. शब्दाला शब्द वाढला, पोलिसांना यावे लागले, शोरूमच्या लोकांनी क्षमा मागितली. प्रसंगाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. काही दिवसांतच उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्र यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा जपणे हे आपल्या समूहाचे एक मूळ मूल्य आहे, असे जाहीरपणे लिहिले. त्या महिन्याच्या अखेरीस गाडी शेतकऱ्याच्या दारी पोचली.

(व्यापारी वाचकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती योग्यच आहे. त्या वेळच्या आयकर कायद्यातील कलम २६९ एसटीप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. म्हणजे ती दहा लाखांची रोकड शोरूमला घेताही आली नसती. शेतकऱ्याने ती आणली ती मोजून देण्यासाठी तितकी नव्हे, जितकी समोर ठेवून दाखविण्यासाठी.)

त्याच महिन्यात त्याच उद्योगसमूहाच्या नावावर अगदी वेगळी नोंद महाराष्ट्रात झाली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहाराने भंगारातल्या आणि जुन्या गाड्यांच्या भागांतून मुलासाठी छोटी जीप बनविली होती. तिच्याबद्दल कळताच महिंद्र यांनी ती मागून घेतली आणि बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली. एका खेडुताचे कौतुक मुख्यालयातून होत होते आणि त्याच आठवड्यांत दुसऱ्या खेडुताची किंमत विक्रीच्या मजल्यावर दहा रुपये ठरत होती. मालकाच्या मनातला आदर नोकराच्या जिभेपर्यंत आपोआप उतरत नाही, हे ज्यांच्या पेढीवर चार-दोन माणसे कामाला आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

अपमानित गिऱ्हाइकाने फेडलेल्या सुडाच्या कथा लोकांना फार आवडतात. अलवरच्या महाराजांना लंडनच्या रोल्स-रॉइस शोरूममध्ये साध्या वेषामुळे हिणविले गेले, म्हणून त्यांनी तेथील सगळ्या मोटारी विकत घेऊन अलवरात कचरा वाहण्यास लावल्या, ही कथा सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु तीच कथा पतियाळा, भरतपूर आणि हैदराबादच्या नावानेही सांगितली जाते, आणि एवढे एकच तिच्याविषयी संशय उत्पन्न होण्यास पुरेसे आहे. तिचा ठाम पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. मात्र ती टिकून राहिली, कारण प्रत्येक ऐकणाऱ्याला कोठे ना कोठे काचेच्या दारापाशी थांबावे लागलेले असते, आणि तेथे आपल्याला जे करता आले नाही ते निदान महाराजांनी केले, याचे समाधान मिळते.

तुमकूरचा शेतकरी तासाभरात परत आला. चिमूरचा माणूस परत येत नाही. तो दुसऱ्या शोरूममध्ये जातो, किंवा ओळखीतल्या कोणाची जुनी गाडी घेतो, किंवा बेत पुढच्या वर्षावर टाकतो. ज्या दालनातून तो बाहेर पडला तेथे त्याची नोंद झालीच असेल तर 'चौकशी, थंड' अशी होते. तो का गेला, हे मालकाला कधीच कळत नाही. वहीत न चढलेली उधारी निदान कधी तरी आठवते. न झालेली विक्री आठवण्याचे काही साधनच नसते. मालक महिनाअखेरीस आकडे पाहतो आणि म्हणतो, यंदा ग्रामीण भागात मागणी नाही.

मोटार विकणाऱ्याची ही बेफिकिरी आली कोठून, याचा शोध घेताना मागे जावे लागते, आणि तो मार्ग जैन व्यापारी समाजाच्या अंगणातूनच जातो. सोलापूरच्या दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे कापसाचा व्यापार आणि सावकारी करणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबातले. वडिलोपार्जित धंद्यात मन रमेना म्हणून ते रेल्वेच्या कंत्राटांत शिरले, पुढे जहाजे, विमाने, साखर असा त्यांचा व्याप वाढत गेला. भारतात मोटार बनली पाहिजे, हा ध्यास त्यांनी सर विश्वेश्वरय्या यांच्यासह घेतला होता. परकीय सरकार अनुकूल नव्हते. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, कुर्ल्याला कारखाना झाला आणि १९४७ मध्ये तेथून वाहने बाहेर पडू लागली. पुढे याच कारखान्यातून फियाट आली आणि तीच सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघर माहीत झाली. शेठजी १९५३ मध्ये निवर्तले. ती मोटार मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरली तो काळ त्यांनी पाहिला नाही.

तो काळ गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोठा विचित्र होता. परवाना पद्धतीमुळे वर्षाला किती गाड्या बनवावयाच्या हे सरकार ठरवी. १९५९ च्या मोटार वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने त्या कोणाला, कोणत्या क्रमाने मिळाव्यात हेही बांधून टाकले. पैसे भरून माणूस रांगेत नाव लावी आणि वर्षानुवर्षे वाट पाही. बजाजच्या स्कूटरसाठी तर दहा-दहा वर्षांच्या रांगा लागत. मुलाच्या जन्माच्या वेळी नाव नोंदवावे आणि त्याच्या मुंजीला स्कूटर यावी, असा विनोद त्या काळी घरोघर चाले. नव्या गाडीपेक्षा हाती असलेली जुनी गाडी महाग विकली जाई. अशा वेळी डीलरला विकण्याची कलाच उरली नव्हती. तो विकत नसे, वाटत असे. गिऱ्हाईक हात जोडून येई, डीलर मान न उचलता यादी पाही, रंगाची निवड विचारण्याचे धाडस कोणी करीत नसे. मोटार घेणाऱ्याने मोटार विकणाऱ्याचे आभार मानावयाचे, अशी उलटी रीत रुजली ती तेव्हाच.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या एका ग्राहकाला मिळाली आणि हळूहळू रांगा ओसरू लागल्या. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, काचेची दालने उभी राहिली, गळ्यात टाय आला. खरेदीदार राजा झाला असे सांगितले गेले. परंतु टंचाई पुन्हा डोकावली की जुनी सवयही डोके वर काढते. २०२१ आणि २०२२ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला, तेव्हा भारतातही लोकप्रिय गाड्यांसाठी महिनोन् महिने थांबावे लागत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या नोंदल्या गेल्या. ज्याच्या मालासाठी तासाभरात पंचवीस हजार माणसे उभी राहतात, त्या दालनातला विक्रेता दुपट्टा घेतलेल्या काकांसाठी उठून उभा राहील, अशी अपेक्षा करणे थोडे भाबडेपणाचेच. तुमकूरचा प्रसंग याच काळातला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

तरीही सगळा दोष त्या तरुण विक्रेत्यावर लोटणे अन्यायाचे होईल. तो बहुधा स्वतःच एखाद्या लहान गावातून आलेला असतो. पगार बेताचा, वर गाडीमागे काही रक्कम, आणि महिनाअखेरीस डोक्यावर टांगलेले टार्गेट. आलेल्या प्रत्येकाला 'हॉट', 'वॉर्म' किंवा 'कोल्ड' यांपैकी एका रकान्यात बसविण्यास त्याला शिकविलेले असते. हा गिऱ्हाईक किती दिवसांत घेणार, याचा अंदाज बांधणे हेच त्याचे शिक्षण. त्यात आणखी एक बारकावा आहे. नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला सुटणारा नफा फार मोठा नसतो; त्याची खरी कमाई विमा, कर्ज, शोभेचे सामान आणि नंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये असते. म्हणून दालनाला असे गिऱ्हाईक हवे असते की जे कर्ज तेथल्याच टेबलावर काढील, विमा तेथूनच उतरवील आणि सीटकव्हरपासून पायपुसण्यापर्यंत सगळे तेथेच घेईल. गावच्या बँकेतून कर्जाची मंजुरी घेऊन आलेला शेतकरी या गणितात दुय्यम ठरतो, मग त्याच्याकडे पैसे कितीही असोत. विक्रेत्याला त्याचा तिरस्कार वाटतो असे नाही. तो त्याच्या हिशेबात बसत नाही, एवढेच. आणि तो हिशेब विक्रेत्याने मांडलेला नसतो. वरच्या मजल्यावर आकडे पाहत बसलेल्या मालकाने तो मांडलेला असतो.

या मालकाविषयी गिऱ्हाइकांत एक गैरसमज आहे. दारावर मोठ्या कंपनीचे नाव असते, म्हणून लोकांना वाटते की आत बसलेली माणसेही कंपनीचीच. वस्तुतः डीलरशिप ही एखाद्या स्थानिक व्यापाऱ्याची स्वतंत्र पेढी असते. तो कंपनीकडून माल विकत घेतो आणि आपल्या जबाबदारीवर विकतो. गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी हे स्पष्ट केले. एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे मोजले होते. डीलरने त्याच्या हाती देऊ केलेली गाडी २००९ साली बनलेली आणि ६२२ किलोमीटर चाललेली होती. ग्राहक आयोगांनी डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरले. न्यायालयाने मात्र कंपनीवरचा भाग रद्द केला. दोघांमधील नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, आणि डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झालेले नाही, हे त्याचे कारण. दोष डीलरच्याच पदरी राहिला. कंपनीचा फलक पेढीच्या चुका झाकीत नाही, हे डीलरशिप चालविणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि महाराष्ट्रातील शहरांत अशी कुटुंबे व्यापारी समाजात कमी नाहीत.

गिऱ्हाइकाच्या बाजूने कायदा काय देतो, हेही येथे सांगणे उपयुक्त. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रार आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही करता येते. म्हणजे नागपूरच्या दालनाविरुद्ध चिमूरच्या माणसाला चंद्रपूरच्या आयोगाकडे दाद मागता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे फोनवरूनही तक्रार नोंदविता येते. वाहन धंद्यासाठी घेतले म्हणजे तक्रारीचा हक्क गेला, असेही नाही. जो स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी वाहन चालवितो, त्याला कायदा ग्राहकच मानतो. चिमूर तालुक्यासाठी हे महत्त्वाचे आहे. ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वारावर सफारीच्या जिप्सी चालविणारे गावचे तरुण, किंवा पिक-अपमधून भाजीपाला नेणारा शेतकरी, यांच्या दृष्टीने गाडी म्हणजे चैन नव्हे. ते त्यांचे दुकान आहे.

परंतु या कायद्याचे हात एका उंबरठ्यापाशी थांबतात. ग्राहक म्हणजे ज्याने मोबदला दिला किंवा देण्याचे कबूल केले तो. जो खरेदीआधीच परत फिरला, ज्याला खुर्ची मिळाली नाही, ज्याच्याशी कोणी नीट बोलले नाही, तो कायद्याच्या लेखी ग्राहक झालेलाच नसतो. उशिरा मिळालेल्या गाडीची भरपाई मागता येते. न मिळालेल्या पाण्याच्या पेल्याची मागता येत नाही. ती जागा पूर्वीपासून व्यापाऱ्याच्या रीतीभातीवर सोपविलेली आहे.

आणि रीतभात म्हटली की जुन्या कापड दुकानाची आठवण अपरिहार्यपणे येते. बैठकीवर पांढरी चादर, पाठीशी लोड. गिऱ्हाईक आले की आधी पाण्याचा तांब्या. बाई पंचवीस लुगडी उलगडावयास लावील आणि एकही न घेता उठेल, हे दुकानदाराला माहीत असे. तरी तो हसतमुखाने सव्विसावे उलगडी. 'घेणार का' हे विचारणे असभ्य मानले जाई. मुलाला गादीवर बसविण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे घड्या घालावयास लावीत, त्याचे एक कारण हेही होते की उलगडलेल्या मालाची घडी पुन्हा घालताना चेहऱ्यावर आठी पडू न देण्याची सवय त्याला व्हावी. यामागे सौजन्याइतकाच व्यवहारही होता, हे मान्य केले पाहिजे. सुगीपर्यंतची उधारी, लग्नसराईचा बस्ता, तीन पिढ्यांचे येणे-जाणे: आज रिकाम्या हाताने गेलेली बाई अक्षय्य तृतीयेला पुन्हा येणारच असे. (त्या दिवशी जैन घरांत वर्षीतपाची पारणी होतात, मोटारींच्या दालनांत तो आता डिलिव्हरीचा एक गर्दीचा दिवस झाला आहे.) मोटारीचे गिऱ्हाईक दहा वर्षांतून एकदा येते. म्हणूनच विक्रेत्याला ते पुन्हा दिसेल असे वाटत नाही. पण त्या गिऱ्हाइकाचे गाव असते, आणि गावात दुसरी गाडी कोणी कोठून घ्यावी हे पहिली गाडी घेणारा सांगतो.

मात्र जुन्या दुकानाचे हे चित्र रंगविताना एक कोपरा सहसा अंधारात ठेवला जातो. चिमूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या पट्ट्यातील बाजारपेठांत जंगलालगतच्या गावांतून गोंड, माना समाजाची माणसे पिढ्यान् पिढ्या मीठ, कापड, भांडी घेण्यास येत आली. लुगड्यांची पंचविशी त्यांच्यासाठी नेहमीच उलगडली जात असे, असे म्हणता येणार नाही. पन्नाशीच्या गोंड गृहस्थाला विशीतला दुकानदार 'काय पाहिजे रे तुले?' असे विचारी, आणि कित्येक काउंटरवर आजही विचारतो. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' यांत किती अंतर आहे हे मराठी बोलणाऱ्याला शिकवावे लागत नाही. गल्ल्यामागे बसलेल्याला ते ऐकू येत नसेल, समोर उभा असलेल्याला येते. त्याने मागितलेला माल दिला जाई, दाखविला जात नसे. तोही तक्रार करीत नसे, आणि घरी जाऊन कारण सांगत नसे. नागपूरच्या काचेच्या दारापाशी चिमूरच्या शेठजींच्या परिचयातल्या शेतकऱ्याला जे भोगावे लागते, ते शेठजींच्या स्वतःच्या पायरीवर कोणी तरी पूर्वीपासून भोगीत आलेले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान ठेवणे, हा एक सांगितला आहे. शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे धान्याची मापे होती. परंतु माणूस पाहून बदलणारे संबोधन हेही दोन मापे वापरणेच नव्हे काय, हा विचार पर्युषणातील एखाद्या स्वाध्यायात अवश्य व्हावा.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती व्यापाराच्या भाषेतच बोलते. २००८ च्या सुमारास जगभर मंदी आली तेव्हा मारुती कंपनीने खेड्यांकडे लक्ष वळविले. डीलरांनी गावोगावचे स्थानिक तरुण विक्रीसाठी नेमले. ते शोरूममध्ये न बसता आपापल्या गावात राहत आणि सरपंच, शिक्षक, शेतकरी यांच्या ओटीवर जाऊन बोलत. कंपनीच्या एकूण विक्रीतला ग्रामीण वाटा त्यापूर्वी अगदी नगण्य होता. जुलै २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की खेड्यांत विकलेल्या तिच्या गाड्यांची एकूण संख्या ५० लाखांवर गेली असून विक्रीतला सुमारे ४० टक्के हिस्सा आता तेथून येतो. रस्ते झाले, उत्पन्न वाढले, कर्ज सुलभ झाले, ही कारणे त्यामागे आहेतच. पण ज्या माणसाला काचेच्या दारापाशी चपला काढाव्यात की नाही असा प्रश्न पडत होता, त्याच्या घरी विक्रेता स्वतःच्या चपला बाहेर काढून आत आला, हेही त्यातले एक कारण धरावयास हरकत नाही.

पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला ताडोबाचा गाभा पर्यटकांसाठी पुन्हा उघडतो. कोलाऱ्याच्या दारावर पहाटेच्या धुक्यात गाड्यांची रांग लागते. सफारी सुरू होण्याआधी चालक मंडळी चहा घेत उभी असतात आणि बोलणे हटकून गाड्यांवर येते: कोणाची कधी घेतली, किती पडली, सर्व्हिसिंगला कोठे नेतो. त्यातला एखादा या हंगामात नवी गाडी घेण्याच्या विचारात असतो. तो विचारतो, नागपुरात कोणाकडे जावे? उत्तर देणारा एखाद्या दालनाचे नाव सांगतो, आणि पुढे हेही सांगतो की तेथे त्याच्या वडिलांना बसायला खुर्ची दिली होती.